बारावीनंतर पोरांना कुठे घालावे?
(शेतकी विभागाकडून)



निकालाच्या दिवसांत आम्ही गट ऑफिसला लागण नोंदीसाठी बसलो, की नोंद राहते बाजूला आणि प्रश्न येतो, "साहेब, पोरीला कुठं घालू?" आमचे काम उसाचे. पण ऊसबिलाचा पैसा फीत जातो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एका सभासदाने मुलाला बी.एड. केले. आता तो गावच्या झेडपी शाळेत पहिलीला गुरुजी होईल, अशी आशा. पण पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तसा निकालच दिला आहे. त्या वर्गांना लागते डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड. बारावीनंतर दोन वर्षांचे. शाखा कोणतीही चालते.

नुसत्या पदविकेवर मात्र नोकरी नाही. टीईटी पास व्हावी लागते. पहिली ते पाचवीला पेपर पहिला, सहावी ते आठवीला दुसरा. दीडशेपैकी खुल्या गटाला ९० गुण हवेत. त्यानंतर अभियोग्यता चाचणी; तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड होते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करावी, असे म्हटले आहे. तेव्हा पुढचा विचार करूनच पाऊल टाका.

आता चित्रकला. आठवी-नववीत पोरे 'एलिमेंटरी' व 'इंटरमिजिएट' देतात. या शासनाच्या रेखाकला परीक्षा. नावातली एलिमेंटरी ऐकून काहींना ती मास्तरकीची परीक्षा वाटते. तसे नाही. तिचा उपयोग दहावीच्या वाढीव गुणांना आणि कलेच्या शिक्षणाला होतो. चित्रकलेचा शिक्षक व्हायचे तर ए.टी.डी. ही दोन वर्षांची वेगळी पदविका आहे. हात चांगला असलेल्या पोराला "रेघोट्या मारतोय" म्हणून बोलू नका.

तिसरे जीवशास्त्र. निर्णय अकरावीलाच होतो. वैद्यकीयची नीट परीक्षा भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांवर असते. नर्सिंगच्या पदवीलाही जीवशास्त्र लागते. बी.एस्सी. कृषी चार वर्षांची. तिला सीईटीत जीवशास्त्राचा गट चालतो, गणिताचाही चालतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. जीवशास्त्रात साधी बी.एस्सी. करून पुढे बी.एड. केले, तर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवता येते.

प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा. कॉलेजला मान्यता आहे का? शिक्षक पदविकेला एन.सी.टी.ई.ची मान्यता लागते. हा कोर्स कोणत्या इयत्तेला, कोणत्या नोकरीला चालतो? आणि सगळी वर्षे मिळून फी किती? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

बेणे आपण खात्रीच्या बेणेमळ्यातलेच घेतो, कारण चुकले तर लागणही गेली आणि खोडवाही गेला. पोरांच्या बाबतीत तेवढी चौकशी करायलाच हवी. आणि हो, पोरीला काय आवडते, हे तिलाही एकदा विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी