लाइट कमी कर, पाहुणा झोपलाय!

वीतभर लांबीचं गुलाबी अंग, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. ॲक्सोलॉटल! २०२१ साली हा माइनक्राफ्टमध्ये आला आणि त्याच वर्षी मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवरही जाऊन बसला. मोबाइलच्या स्क्रीनवर तुम्ही त्याला नक्की पाहिलं असणार. मी मात्र त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं ते चक्क महाड एमआयडीसीत. हो हो, आपल्या मुंबई-गोवा हायवेवरच्या महाडला!

माझा मावसभाऊ तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इंचार्ज आहे. बिरवाडीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. शिफ्ट ड्युटी, करमणुकीची बोंब, मग माणूस काही ना काही छंद लावून घेतोच. दादाने प्लँटेड टँक लावला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, लाल-हिरव्या वनस्पतींनी गच्च. वर ९० वॅटचा एलईडी, रंग बदलणारा, रिमोटवाला. हॉलमध्ये शिरले तेव्हा मला वाटलं, गणपतीच्या मंडपातच आलेय.

‘पण पाहुणा कुठाय?’ मी विचारलं.

वहिनीने फिल्टरच्या मागच्या सांदीत बोट दाखवलं. तिथे तो अंग चोरून बसला होता. कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. ‘तीन दिवस झाले गं, काही खाल्लं नाही त्याने,’ वहिनी म्हणाली. ‘मी याला रोज सांगते, ते मंगलकार्यालयातले दिवे बंद कर.’

वहिनीने कुठलंही पुस्तक न वाचता दुखणं बरोबर ओळखलं होतं. कारण ॲक्सोलॉटलला पापण्याच नसतात! डोळ्यांवर उजेड आला तर आपण डोळे मिटतो, उशी घेतो, ऑफिसात ब्लाइंड्स ओढतो. याला यातलं काहीच करता येत नाही. मूळचा तो मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. गढूळ पाणी, तळाला काळोख, शिकार रात्रीची. त्याच्या स्वतःच्या तब्येतीला दिव्याची गरज जवळजवळ शून्य. म्हणजे टँकवरचा दिवा असतो फक्त वनस्पतींसाठी आणि थोडासा आपल्या हौसेसाठी. दुकानात जाण्याआधी एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी निम्मं काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग दिवा लावूच नये! पण वनस्पती हव्यात. त्या पाण्यातला नायट्रेट शोषतात आणि प्राण्याला लपायला जागा देतात. फंडा असा, की आधी वनस्पती निवडायच्या आणि मग त्यांना जगवेल एवढाच दिवा घ्यायचा. दादाने नेमकं उलट केलं होतं. आधी दिवा आवडला, मग त्या दिव्याला शोभतील अशा लाल वनस्पती आणल्या. लाल वनस्पतींना भरपूर उजेड लागतो, त्या उजेडाबरोबर खत आणि कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो सोडला नाही की काचेवर शेवाळ. शिवाय या मंडळींना जे कोमट पाणी आवडतं, ते ॲक्सोलॉटलला अजिबात चालत नाही.

मंद उजेडात आणि गार पाण्यात निमूट जगणारी गँग वेगळी आहे. जावा मॉस, जावा फर्न, हॉर्नवर्ट. जावा फर्नचं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचं. ते बरंच, कारण हे महाशय रात्री रणगाड्यासारखे फिरतात आणि पेरलेलं सगळं उपटून टाकतात. (तळाला खडे टाकू नका. तो ते गिळतो. बारीक वाळू किंवा मोकळी काच बरी.) वर तरंगणाऱ्या वनस्पती तर हव्यातच. पाण्यावर हिरवी झालर पसरली की खाली आयती सावली. क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांतच उगवतात. पण म्हणून नदीतून उपटून आणायच्या नाहीत, प्लीज! नर्सरीत वाढवलेल्या मिळतात.

किती दिवा पुरेल? मंद उजेडाच्या टँकसाठी लिटरमागे १० ते १५ ल्युमेन हा ढोबळ हिशेब धरा. दादाच्या टँकमध्ये साधारण १५० लिटर पाणी आहे, म्हणजे दीड ते सव्वादोन हजार ल्युमेन. साधा एलईडी वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास देतो. म्हणजे १५ ते २० वॅट खूप झाले. दादाने लावले होते ९०!

पण खरी गंमत पुढे आहे. दादा पडला प्लँटवरचा माणूस, त्याने लगेच कागद ओढला. ९० वॅट रोज दहा तास, म्हणजे ०.९ युनिट, म्हणजे साधारण ७७५ किलोकॅलरी. यातली निम्मीच उष्णता पाण्यात उतरली आणि बाहेर गेलीच नाही असं धरलं, तरी १५० लिटर पाणी अडीच डिग्रीने तापतं. १५ वॅट सात तास लावले, तर तेच गणित ०.३ डिग्रीवर येतं. दादा कागदाकडे बघत म्हणाला, ‘च्यायला, मी दिवा नाही, हीटर लावलाय.’

आणि तोही कुठे, तर महाडमध्ये! ॲक्सोलॉटलला १६ ते १८ डिग्री मानवतं, २० पर्यंत ठीक. त्याचं मूळ गाव समुद्रसपाटीपासून २२०० मीटरपेक्षा उंच. आपलं महाड जवळजवळ खाडीच्या पातळीला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठलं, तरी त्याच्या गावाची उंची येत नाही. मार्चमध्ये टँकचा थर्मामीटर २६ दाखवत होता. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोनेक डिग्री उतरतात, पण पावसाळ्यात कोकणातली हवाच भिजलेली, मग पंखा तरी काय करणार? शेवटी चिलर आला आणि वहिनीने ठरवलेला सोफा गेला. वहिनी अजून त्या चिलरला ‘माझा सोफा’ म्हणते.

दिव्याइतकंच महत्त्वाचं त्याचं घड्याळ. सहा ते आठ तास पुरे, तेही रोज ठरावीक वेळी. पण महाडात ‘लाइट’ या शब्दाचा पहिला अर्थ वीज, आणि ती जाते. चक्रीवाला स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो. दुपारी दोन तास लाइट गेली, तर दिवा रात्री दोन तास उशिरापर्यंत जळणार. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. दिवाही असा हवा, की वीज परतल्यावर तो आधीच्याच मंद सेटिंगवर यावा. दादाचा जुना दिवा लाइट आली की थेट फुल ब्राइटनेसवर पेटायचा. मध्यरात्री, पापण्या नसलेल्या डोळ्यांवर! दिवा हळूहळू उजळणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाहीतर दिवा टँकपासून फूटभर वर टांगा, खोलीतला दिवा आधी लावा आणि टँकचा नंतर.

वीज जास्त वेळ गेली तर? २०२१च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं तेव्हा दादाकडे हा पाहुणा नव्हता. ‘असता तर वाचला नसता,’ तो सरळ म्हणाला. आता त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, बॅटरीवरचा एअरपंप आहे आणि फ्रीजरमध्ये बर्फाच्या बाटल्या आहेत. चिलर नाही, इन्व्हर्टर नाही आणि तरी ॲक्सोलॉटल हवाय? मग माझं मत विचाराल तर नको. कोकणात, मुंबईतसुद्धा, त्याला फक्त दिसतो क्यूट म्हणून आणणं हा छळ आहे.

आणि कागदपत्रं! हा प्राणी साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. सोचिमिल्कोमध्ये १९९८ साली चौरस किलोमीटरला ६००० मोजले होते, २०१४ साली ३६. आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ची दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४च्या नियमांनुसार असे प्राणी पाळणाऱ्याने परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून उठून या. दादाने तेवढं एक काम आधीच नीट केलं होतं. आणि कंटाळा आला म्हणून सावित्रीत सोडणं तर अजिबात नाही. तिथे मगरी आहेत, त्यांच्या नाश्त्याची काळजी आपण करायची गरज नाही.

मे महिन्यात मी पुन्हा गेले. टँकवर १५ वॅटची साधी पांढरी पट्टी, लाल वनस्पतींच्या जागी मॉस आणि फर्न, पाणी १८ डिग्री. इन्स्टावर टाकायला फोटो फिकाच येतो, हे खरं. साडेआठला टायमरने दिवा घालवला. वहिनीने हॉलचा दिवाही मालवला आणि आम्ही तिघं अंधारात फरशीवर बसलो, सोफा नव्हताच. दहाएक मिनिटांनी फर्नखालून तो बाहेर आला. कल्ले मागे फुललेले, चाल एकदम राजासारखी. दादाने चिमट्यात गांडूळ धरलं. त्याने ते एका झटक्यात ओढलं.

‘दुसरं दे त्याला,’ वहिनी हळूच म्हणाली.