खाजगी जमिनींतील वृक्षलागवड, सरकारी अनुदान आणि सातबारा

ज्या मुरमाड माळांत हुलगे व मटकी यांखेरीज कांहीं पिकत नाहीं, ते माळ झाडांखालीं आणावे हा विचार आमच्या वाचकांस नवा नाहीं. त्याकरितां सरकार पैसा देतें हेंही सर्वश्रुत आहे. परंतु तो पैसा नेमका कशाबद्दल मिळतो, आणि झाड जून झाल्यावर तें तोडण्यास कोणतें कागद लागतात, ह्या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणारे थोडे. महसुली दप्तरांत आमची बरीच वर्षें गेलीं असल्यानें ह्या विषयासंबंधीं चार शब्द लिहिणें आम्हांस उचित वाटतें.

आपल्या राज्यांत सामाजिक वनीकरणाचें स्वतंत्र खातें 1982 सालीं निघालें. 1990 सालापासून रोजगार हमीच्या पैशांतून खाजगी शेतांत फळझाडें लावण्याची योजना सुरू झाली. पुढें 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याखालीं लहान व अत्यल्प भूधारकांच्या शेतांत व बांधांवर इतर वृक्षांचीही लागवड होऊं लागली. डिसेंबर 2025 मध्यें संसदेनें त्या कायद्याच्या जागीं दुसरा कायदा संमत केला आहे; तेव्हां जुन्या माहितीवर विसंबून न राहतां चालू नियम ग्रामपंचायतींत वाचून मगच अर्ज करावा. ह्याशिवाय 2016-17 सालीं केंद्र सरकारनें कृषिवनीकरणाचें उपअभियान काढलें. त्यांत खर्चाचा निम्मा भाग चार वर्षांत 40, 20, 20 व 20 टक्के अशा हप्त्यांनीं देण्याचें ठरलें होतें. 2018 सालीं नव्यानें उभारलेल्या राष्ट्रीय बांबू अभियानांत हप्ते तीन, म्हणजे 50, 30 व 20 टक्के असे ठरले.

ह्या सर्व योजनांत एक गोष्ट समान दिसेल. पहिल्या वर्षीं सर्व रक्कम कोणीच देत नाहीं. अनुदान हें खड्डा खणल्याबद्दल नसून झाड जगविल्याबद्दल आहे. रोजगार हमींतील लागवडीस दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचा पैसा मिळण्यास कोरडवाहू जमिनींत निदान 75 टक्के व बागायतींत 90 टक्के झाडें जिवंत असलीं पाहिजेत, अशी अट राज्य सरकारनें घातली होती. ह्याचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः करून पाहावा. तीन मीटर चौरस अंतरानें एका हेक्टरांत 1,111 रोपें बसतात. कोरडवाहूंत त्यांपैकीं 834 जगावीं लागतात. म्हणजे 277 गेलीं तरी निभावतें. आणखी एक गेलें कीं हप्ता अडला.

माळावरील रोपांचे शत्रू मुख्यतः तीन: शेळी, वणवा आणि पहिला उन्हाळा. म्हणून कुंपण व चर हीं कामें लागवडीआधीं करावीं, मागून नव्हे. पाऊस सरण्यापूर्वीं नांग्या भराव्या आणि त्याकरितां शेंकडा वीस रोपें जादा राखावीं. दिवाळीनंतर गवत कापून शेताभोंवतीं जाळरेषा काढावी. जितकीं झाडें पहिल्या उन्हाळ्यांत पाणी घालून जगवितां येतील तितकींच लावावीं. अनुदानाच्या लोभानें दोन हेक्टर लावून दोन्ही गमावण्यापेक्षां अर्धा हेक्टर लावून तो राखणें शहाणपणाचें होय.

आतां तोडीचा प्रश्न. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 25 प्रमाणें, राखीव ठेवलेले वृक्ष सोडल्यास, खातेदाराच्या जमिनींतील झाडांवर खातेदाराचा हक्क आहे. परंतु हक्क असणें निराळें आणि कुऱ्हाड लावण्याची मोकळीक असणें निराळें. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचींत साग, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन व खारफुटी असे सोळा प्रकार आहेत. हे स्वतः लावले असले तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. सागास पुढें वाहतुकीचा पासही लागतो. निलगिरी व सुबाभूळ अनुसूचींत नाहींत. बांबूची गोष्ट आणखी सोपी. 2017 सालीं भारतीय वन कायद्यांतील झाडाच्या व्याख्येंतून तो वगळला गेला, त्यामुळें वनाबाहेर वाढविलेल्या बांबूस त्या कायद्याखालील परवान्याची गरज उरली नाहीं.

गांवोगांव एक भीति बोलून दाखविली जाते, कीं झाडें वाढलीं म्हणजे जमीन वनखात्याकडे जाईल. ती पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. 30 ऑगस्ट 1975 रोजीं खाजगी वने संपादन कायदा अमलांत येऊन अनेक खातेदारांच्या जमिनी सरकारांत जमा झाल्या, आणि त्या नोंदींचे वाद पुष्कळ वर्षें चालले. पण ह्यावर उपाय झाडें न लावणें हा नव्हे. आपोआप उगवलेलें रान आणि हातानें लावलेली झाडें ह्यांतील भेद कागदावर स्पष्ट दिसेल असें करणें, हा खरा उपाय होय.

याकरितां चार गोष्टी कराव्या. लागवडीपूर्वीं गट मोजून घ्यावा. वनहद्दीलगतचा गट असेल तर ही गोष्ट टाळूंच नये. सातबाऱ्यावर भाऊबंदांचीं नांवें असतील तर सर्वांचें लेखी संमतिपत्र घ्यावें, कारण रोप लावतांना जो भाऊ गप्प असतो तोच सागाचा सोट तयार झाल्यावर वाटा मागावयास येतो. लागवड होतांच झाडांची जात, संख्या व वर्ष पीकपाहणींत लागेल असें पाहावें. 15 ऑगस्ट 2021 पासून ही पाहणी खातेदारास मोबाइलवर स्वतः नोंदवितां येते व तींत बांधावरील झाडांचीही सोय आहे. शेवटीं मंजुरीचा आदेश, रोपांची पावती व दरवर्षींचा उतारा एका जागीं बांधून ठेवावा.

अनुदान तीनचार वर्षांत संपतें; साग वीसपंचवीस वर्षांहून अधिक काळ उभा राहतो. ज्यानें तो लावला त्याच्या मुलानें तो तोडावयाचा, असाच बहुधा योग असतो. त्या मुलाच्या हातीं झाडाबरोबर झाडाचा कागदही पडावा, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.