सार्वमत राहिले, पहाराही नव्हता

बीदर जिल्ह्यातले चिटगुप्पा आज कर्नाटकात आहे. 1948 साली ते निजामाच्या मुलखात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होते. त्या जूनमध्ये दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातल्या मसुद्यात एक कलम होते: संस्थानाने भारतात सामील व्हावे की नाही, हे निष्पक्ष यंत्रणेच्या देखरेखीखाली प्रौढ मतदानाने ठरवावे. निजामाने मसुदा फेटाळला आणि सार्वमत बारगळले.

पण ते ठरले असते, तरी माणसे मत द्यायला निर्धास्तपणे घराबाहेर पडली असती का? आदल्याच महिन्यात आमच्या बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली होती. कासिम रझवीच्या या निजामधार्जिण्या सशस्त्र संघटनेला आवरणारे संस्थानात कोणी उरले नव्हते.

ऑगस्टमध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. पॅरिसमध्ये ती 16 सप्टेंबरला चर्चेला आली, तेव्हा भारताच्या लष्करी कारवाईचा, म्हणजे पोलीस ॲक्शनचा, चौथा दिवस होता. सोलापूरहून निघालेली भारतीय फौज नळदुर्ग, हुमनाबाद या वाटेने हैदराबादकडे सरकत होती. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

रझाकारांचा जाच संपला, ही मोठीच सुटका होती. मात्र पाठोपाठ सुडाचे दिवस आले आणि निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानातल्या बळींचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड आणि गुलबर्ग्याबरोबर बीदरही होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

अशा वेळी पहारा द्यायला बाहेरचे पोलीस येण्याची सोयही तेव्हा नव्हती: संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत पोलीस पहिल्यांदा गेले ते 1960 मध्ये, काँगोत. इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरमधल्या 1999 च्या सार्वमताला असे पोलीस हजर होते, पण नि:शस्त्र आणि केवळ सल्लागार. बंदोबस्त इंडोनेशियाकडेच होता. 30 ऑगस्टला लोकांनी धमक्यांना न जुमानता मतदान केले. 78.5 टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. निकाल लागताच इंडोनेशियाधार्जिण्या टोळ्यांनी गावे जाळली, माणसे मारली. आंतरराष्ट्रीय फौज उतरली ती 20 सप्टेंबरला.

बीदर आणि तिमोर, दोन्हीकडे मोठा घात झाला तो निर्णयानंतरच्या दिवसांत; इथे शरणागतीनंतर, तिथे मतदानानंतर. म्हणून सार्वमताच्या करारात मतदानाच्या तारखेइतकाच ठळकपणे निकालानंतरचा पहारा लिहिला गेला पाहिजे, आणि तो जिंकणाऱ्या-हरणाऱ्या दोघांच्याही दारी असला पाहिजे. आपल्याकडून एवढे तरी व्हावे: गोरट्याचे मृत आणि त्या सप्टेंबरातले मृत, आपल्या मुलांना एकाच धड्यात शिकवावेत.