एकाच पायाची सूज

खुब्याचं ऑपरेशन झालं की घरचे मायेपोटी पेशंटला पलंगावरून हलू देत नाहीत. ही माया धोक्याची ठरू शकते. पोटरीचे स्नायू आवळतात तेव्हा पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. हालचाल थांबली की खोलवरच्या शिरेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीवावर बेतते. म्हणून डॉक्टरांनी सांगताच पेशंटला चालवा, रक्त पातळ करणारं औषध परस्पर थांबवू नका. बाळंतिणीलाही प्रसूतीनंतर निदान ६ आठवडे हा धोका असतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर तेल लावून मालिश मुळीच नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच १०८ला फोन करा.