तसबिरीच्या काचेआडचे निसर्गदृश्य

वऱ्हाडात कापसाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांत देवादिकांच्या तसबिरींशेजारी पुष्कळदा एखादे निसर्गदृश्यही टांगलेले असते, आणि घर मोडताना किंवा वाटण्या होताना ते एक तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, नाही तर केवळ जुने आहे एवढ्यावरून त्याच्याविषयी लाखांचे हिशेब मांडले जातात. चित्र कशाचे व कोणाचे, हे आधी विचारले जाते आणि ते कागदावर उतरले कसे, हे विचारायचेच राहते, यात दोन्ही चुकांचे मूळ आहे.

वेरूळच्या लेण्यांची एक चित्रमालिका या दृष्टीने फार बोलकी आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळची रेखाटने केली, आणि पुण्याचे गंगाराम तांबट हेही त्याच काळात तेथे चित्रे काढत होते. वेल्स १७९५ साली वारला. पुढे त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने सिद्ध केलेली २४ दृश्ये १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ही चित्रे ‘ॲक्वाटिंट’ पद्धतीची आहेत. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवतात आणि मग त्यावर आम्लाची क्रिया करतात. राळेच्या कणांखालचा धातू शाबूत राहतो, मधल्या फटी झिजून शाईसाठी सूक्ष्म खळगे तयार होतात, आणि ओलसर कागद दाबला की जलरंगासारखी सौम्य छाया उमटते. पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती कागदावर चौकोनी खोलगट खूण राहते, ती तिरप्या उजेडात दिसते व बोटालाही जाणवते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली छायेच्या जागी वेड्यावाकड्या कणांची जाळी दिसते, आणि रंग हाताने भरलेले असल्यामुळे ते एखाद्या झाडाच्या किंवा खांबाच्या रेषेबाहेर किंचित गेलेले असतात. हेच दृश्य आधुनिक ऑफसेट छपाईचे असेल, तर आकाशापासून दगडापर्यंत सर्वत्र निळे, किरमिजी, पिवळे व काळे ठिपके ठरावीक अंतराने मांडलेले आढळतात. डॅनियलच्या चित्रांची अशी पुनर्मुद्रणे मुबलक आहेत आणि काचेबाहेरून ती सहज फसवतात.

शिळाछापाची खूण निराळी. जेम्स फर्ग्युसनच्या रेखाटनांवरून टी. सी. डिब्डिनने तयार केलेली, अजिंठ्यासह भारतातील लेण्यांची १८४५ सालची चित्रे या पद्धतीची आहेत. चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढून शिळा ओली केली की शाई फक्त तेलकट भागावर बसते. म्हणून येथे खोलगट कडा नसते, मात्र खडूचा रवाळपणा भिंगातून स्पष्ट दिसतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून, वर वार्निश देऊन तैलचित्राचा भास निर्माण केला की त्यास ‘ऑलिओग्राफ’ म्हणतात. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे मळवलीला हललेला छापखाना याच तंत्राने घरोघरी पोचला, आणि युरोपातील सरोवरे व हिमशिखरेही याच तंत्राने छापली गेली.

तपासणीसाठी तसबीर उघडावी लागते, आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. पाठीमागच्या फळीच्या गंजलेल्या चुका ओढून काढताना कागद फाटू शकतो, म्हणून हे काम जाणत्या हातांनीच व्हावे. आत घातलेल्या जुन्या वर्तमानपत्रावरून चौकट केव्हा बांधली याचा अंदाज येतो. चित्र त्याहून बरेच जुने असू शकते, आणि चौकट नंतर बदललेली असेल तर तो अंदाज तेवढ्यापुरताच धरावा. चित्राखालच्या पट्टीत साधारणपणे डावीकडे मूळ चित्रकाराचे, उजवीकडे कोरणाऱ्याचे आणि मध्ये प्रकाशकाचे नाव असते. ही पट्टी व चारी बाजूंचे समास चौकटीत बसवण्यासाठी कापलेले असले की किंमत एकदम उतरते. अकोल्याचा कडक उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा यांमध्ये कागद आकसतो व फुगतो, आम्लयुक्त पुठ्ठ्यामुळे तो पिवळा पडतो, तांबूस ठिपके उमटतात आणि कसर कडा कुरतडते. घरच्या घरी ब्लीचिंग किंवा चिकटपट्टी वापरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अशा कामासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे स्वतंत्र केंद्र आहे.

मोल ठरवताना पद्धत, प्रतीची अवस्था, दुर्मिळता आणि मालकीचा माग पाहिला जातो, आणि त्याच चित्राच्या तशाच प्रतीला लिलावात पूर्वी मिळालेला भाव ताडून पाहतात. पेन्सिलीने केलेली सही आणि ‘२५/१००’ सारखा प्रतक्रमांक ही मुख्यतः अलीकडच्या काळातील प्रथा असल्याने जुन्या चित्रावर ती नसणे हा दोष मानू नये. बहुतेक ऑलिओग्राफ निसर्गदृश्यांना मोठा भाव येत नाही, तरीही वऱ्हाडातील एखाद्या घराने आपल्या भिंतीसाठी काय निवडले याचा तो अस्सल पुरावा असल्यामुळे त्यांना सागवानी चौकटीसह जपणेच योग्य ठरते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार पुरावस्तू मानली जाते आणि खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. त्यामुळे लंडनच्या लिलावातील आकडा अमरावतीच्या प्रतीला जसाच्या तसा लावता येत नाही, तिची किंमत देशातील संग्राहकांमध्येच ठरते.