जाड सोलचे बूट : उंची किती वाढते, पँट किती वाढवावी?

लग्नसराई आणि ईदच्या आधीचे दिवस म्हणजे रत्नागिरीच्या कापडबाजाराची खरी कमाई. शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यात कुरबुरी होतात त्याही याच दिवसांत, आणि त्यातल्या बऱ्याचशा लांबीवरून असतात. माप देताना गिऱ्हाईक साध्या चपलेत उभा असतो. समारंभाच्या दिवशी तो पायात जाड सोलचे बूट चढवतो आणि नवी कोरी पँट घोट्यावर आखूड दिसू लागते. कधी उलटेही घडते. "बूट उंच आहेत, दोन इंच जास्त ठेवा" असे तो आधीच सांगतो, शिंपी मुकाट्याने ठेवतो आणि पँटच्या मोहऱ्या जमिनीवर लोळतात. दोन्ही वेळा दोष शिंप्यावर येतो आणि कापड देणाऱ्या दुकानापर्यंतही बोलणी येतात.

आम्ही कापडाचे व्यापारी, बूट विकत नाही. पण बुटाची फॅशन बदलली की कापडाचा हिशेब बदलतो, हे या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर कळले आहे. म्हणून जाड सोलच्या बुटाने माणसाची उंची नक्की किती वाढते, हा वरवर पोरकट वाटणारा प्रश्न आपल्या कापडवाल्या, शिंपी आणि चप्पल-बूटवाल्या बांधवांनी एकदा नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. थोडक्यात उत्तर असे की उंची वाढते, पण डोळ्यांना दिसते तेवढी नाही.

बाहेरून दिसतो तो सगळा सोल नव्हे

आजच्या जाड सोलच्या कॅज्युअल बुटांची रचना एखाद्या पराती सारखी असते. परातीचा काठ वर येतो आणि तळ खाली राहतो. बुटातही सोलची बाजूची भिंत वर चढलेली असते, आणि पाय त्या भिंतीच्या आत खाली बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला सहा सेंटिमीटर जाडी दिसते, पण टाचेखाली प्रत्यक्षात चारच सेंटिमीटरचा थर असू शकतो. बाकीची जाडी पायाच्या बाजूला आहे, पायाखाली नाही. जी वस्तू पायाखाली नाही ती उंची वाढवणार कशी?

दुसरी गोष्ट म्हणजे टाच आणि चवडा यांतील फरक. बहुतेक बुटांत टाचेखालचा थर जाड आणि चवड्याखालचा पातळ असतो. शरीराचा भार घोट्यातून खाली उतरतो आणि घोटा टाचेच्या किंचित पुढे असतो. त्यामुळे मिळणारी उंची टाचेच्या मापापेक्षा थोडी कमी भरते. टाचेखाली ४.३ आणि चवड्याखाली ३ सेंटिमीटर असतील, तर उंचीत साधारण ४ सेंटिमीटरच धरावेत.

तिसरी गोष्ट मालाची. हलक्या बुटांचे सोल बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचे असतात. हा फोम नवा असताना फुगीर असतो. वापराने तो दबतो, विशेषतः टाचेखाली. आतली मऊ गादी तर त्याहून लवकर बसते. रबर किंवा चामड्याचा थर एवढा दबत नाही, पण तो जड असतो. म्हणून दुकानात मिळालेली उंची वर्षभराने तेवढीच राहील असे कोणी समजू नये.

वाढ कशाच्या तुलनेत?

येथे गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी गफलत होते. चार सेंटिमीटरची वाढ ही अनवाणी पायाच्या तुलनेत आहे. पण बाजारात अनवाणी कोण फिरतो? साध्या स्पोर्ट्स बुटात टाचेखाली अडीच ते तीन सेंटिमीटर असतातच. साध्या कोल्हापुरी चपलेलाही अर्धा-पाऊण इंचाची टाच असते. म्हणजे रोज साधा बूट घालणारा मुलगा जाड सोलच्या बुटात आला तर कालच्यापेक्षा दीड सेंटिमीटरच्या आसपास उंच दिसेल, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. चपलेतून बुटात आलेल्या माणसाला मात्र एक इंच जाणवेल. बूट तोच, पण हिशेब दोन.

शिंप्याने लक्षात ठेवायचे ते हेच. पँटमध्ये वाढवायची लांबी ही बुटाची सगळी जाडी नव्हे. माप घेताना पायात जे होते आणि समारंभात जे असेल, त्या दोघांतला फरक तेवढा वाढवायचा.

बूट न कापता माप कसे घ्यावे

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, एक टेप पुरते. बूट सपाट फरशीवर ठेवावा. मागच्या बाजूने जमिनीपासून बुटाच्या काठापर्यंतची उंची मोजावी. मग त्याच काठापासून आत, टाच जिथे टेकते त्या गादीपर्यंतची खोली मोजावी. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की टाचेखालचा खरा थर मिळतो. बाहेरचे माप ११ सेंटिमीटर आणि आतली खोली ६.७ असेल तर थर ४.३ सेंटिमीटर झाला. आतली गादी बोटाने चांगली दाबून धरावी, नाहीतर हिशेब फुगतो.

घरी खात्री करायची असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, डोक्यावर पाटी आडवी धरून पेन्सिलीने खूण करावी, मग बूट घालून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा एकाच वेळी कराव्यात. दिवसभर उभे राहून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि माणूस सकाळपेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा अधिक बुटका होतो. सकाळी एक खूण आणि रात्री दुसरी केली तर बुटाची निम्मी कमाई त्यातच बुडेल.

मैदानी खेळांची जागतिक संघटना वर्ल्ड अॅथलेटिक्स ही देखील सोलची जाडी बाहेरच्या दिखाव्यावरून धरत नाही. टाचेखाली आणि चवड्याखाली ठरलेल्या जागी, आतल्या गादीसकट, ती मोजली जाते. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तिने ४० मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी ही मर्यादा २० मिलिमीटर आहे.

शिंप्याचा हिशेब

पँटच्या लांबीत मोहरीलाही मोठा मान आहे. मोहरी अरुंद असेल तर ती बुटाच्या फुगीर जिभेवर अडते आणि कापड घोट्यावर चुण्या होऊन साचते. अशा पँटला जाड बुटासाठी लांबी वाढवली तर चुण्याच वाढतील. तिथे नेहमीची लांबी ठेवावी, क्वचित कमीही करावी. मोहरी रुंद असेल तर ती बुटावरून सरळ खाली उतरते. तिथे फरकाएवढी लांबी वाढवणे भाग आहे.

बुरखा आणि अबाया विकणाऱ्यांनी आणखी दक्ष राहावे. तयार अबाया ५२, ५४, ५६, ५८ अशा इंचांच्या मापात येतो, म्हणजे एका नंबरातून दुसऱ्या नंबरात दोन इंचांची उडी. जाड सोलमुळे रोजच्या चपलेपेक्षा एक इंच किंवा त्याहून कमी फरक पडत असेल तर नंबर बदलण्याचे कारण नाही. दीड इंचाच्या वर गेला तरच पुढचा नंबर द्यावा. तोही बाई रोज तेच बूट वापरणार असेल तर. नाहीतर साध्या चपलेत तो अबाया रत्नागिरीच्या पावसात रस्त्यावरचा सगळा चिखल गोळा करील, आणि जिना उतरताना पायात अडकेल तो धोका वेगळा.

यावर जुन्या कारागिरांचा उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे. मोहरीत किंवा घेरात आत दीड-दोन इंच माया सोडावी. कापड थोडे जास्त लागते, पण बूट बदलला तरी कपडा वाया जात नाही. सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढावे, म्हणजे धुण्याने आलेला आखूडपणा बुटाच्या माथी मारला जाणार नाही. आणि माप घेताना एक प्रश्न न चुकता विचारावा : "हे कपडे कोणत्या पादत्राणावर घालणार?" शक्य असेल तर तेच पादत्राण घालून यायला सांगावे.

जाड सोल आणि कापड यांचे जुने नाते

ही फॅशन नवी नाही. तुर्की हम्मामात 'कबकाब' नावाच्या उंच लाकडी खडावा वापरत. ओल्या, गरम फरशीपासून पाय वर राहावा हा त्यांचा उपयोग. पुढे त्यांवर शिंपल्याची नक्षी चढली आणि उपयोगाची वस्तू दागिना झाली. युरोपात व्हेनिस शहरातल्या श्रीमंत बायका सोळाव्या शतकात 'चोपीन' नावाची पादत्राणे घालत. त्यांतली काही सुमारे ५० सेंटिमीटर उंच होती. पाय उंच झाले की झगा लांब हवा, झगा लांब झाला की भारी कापड जास्त खपते आणि जास्त दिसते. व्हेनिस तर रेशमाच्या व्यापाराचे शहर होते.

आपल्याकडे १९७०च्या दशकात बेलबॉटम आली तेव्हा तिच्यासोबत जाड सोलचे बूट आले. तिची रुंद मोहरी बूट झाकून टाकी, म्हणून नुसता पाय लांब दिसे. २०१७ मध्ये बालेन्सियागा या पॅरिसच्या नामांकित कंपनीने आपला अवजड 'ट्रिपल एस' बूट काढला आणि अशा बुटांची लाट जगभर पसरली. कोकणातल्या घराघरांतून आखातात गेलेली मुले सुटीवर येताना बॅगेत असे जोड घेऊन येतात. मग मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीतले आणि उत्तरेत आग्र्याचे कारखानेही तसाच माल बनवू लागतात.

उंचीचा सौदा

आता बूट विकणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. "हा बूट घाल, तीन इंच वाढशील" असे सांगून जोड खपवणे सोपे आहे. पण गिऱ्हाइकाच्या घरीही टेप असतो. कापडात एक गिरा कमी मोजणारा दुकानदार बाजारात टिकत नाही, मग उंचीत इंचभर जास्त सांगणारा कसा टिकेल? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही मालाबद्दल खोटा दावा करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यापेक्षा आतले माप घेऊन खडूने डब्यावर लिहून ठेवावे : 'टाच ४.३, चवडा ३'. ज्याला उंची हवी तो यावरून निवडेल, आणि शिंप्याकडे जाताना आकडा बरोबर नेईल.

उंचीची काळजी करणाऱ्या मुलांना खरे तेच सांगावे. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत पुरुषांसाठी १६५ आणि महिलांसाठी १५५ सेंटिमीटरची अट आहे, आणि ते माप अनवाणी घेतले जाते. तिथे कोणताही सोल कामाचा नाही. भरतीच्या आशेने कोणी गरीब मुलगा असा महागडा जोड घेत असेल तर त्याला थांबवणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे.

आपल्या मुलखाचाही विचार हवा. सोल जितका उंच, तितका पाय मुरगळण्याचा संभव जास्त. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि सोलच्या खाचा लाल मातीने भरल्या की पकड राहत नाही. मोटारसायकलचा ब्रेक जाड सोलमधून पायाला नीट कळत नाही. हे विकतानाच सांगितले तर गिऱ्हाईक पळत नाही, उलट पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन येते.

आणि जाड सोल ही ज्यांची खरी गरज आहे, त्यांना आपण विसरू नये. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असलेल्या माणसाच्या एका बुटाला जास्तीचा थर लावून देणारा मोची त्याची चाल सुधारतो. तिथे डॉक्टरने लिहून दिलेल्या मिलिमीटरप्रमाणेच थर लावावा, नजरेच्या अंदाजाने नव्हे. अशा माणसाची पँट शिवताना दोन्ही पायांचे माप वेगवेगळे, तो बूट घालूनच घ्यावे आणि जास्तीची मजुरी मागू नये.