तेलाचे धांवते आंकडे

परवां टिटवाळ्याहून कल्याणला जातांना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मोबाइलवर एक आंकडा दाखविला. आज जगांत किती पिंपें खनिज तेल निघालें तें त्यांत दिसत होतें, आणि आंकडा डोळ्यांदेखत वाढत होता. “गुरुजी, हें विहिरींवरच्या मीटरांवरून येतें काय?” त्यानें विचारलें. मीटर असतात, पण हा आंकडा त्यांच्यावरून येत नाहीं.

घरचेंच उदाहरण घ्या. महिन्याला ५ किलो गोडें तेल लागतें, म्हणजे तासाला सुमारें ७ ग्रॅम. या हिशेबानें आंकडा चालविला, तर मध्यरात्रींहि तासाला ७ ग्रॅम तेल खर्ची पडेल. चूल मात्र थंड असेल!

पडद्यावरचा आंकडा असाच बनतो. जगाचें रोजचें उत्पादन सुमारें १० कोटि पिंपें, दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला कीं सेकंदाला साडेअकराशें पिंपें येतात. तेवढींच यंत्र दर सेकंदाला मिळवीत जातें. मूळ आंकडा मात्र सरलेल्या काळाच्या अहवालांतला.

खरी मोजदाद सावकाश होते. विहिरींतून तेलाबरोबर वायु आणि पाणीहि येतें. तीं वेगळीं करावयाचीं, मग तेल मोजावयाचें, टाक्यांतील पातळीशीं ताळा पाहावयाचा. एवढें करूनहि प्रसिद्ध झालेला आंकडा पुढें कधीं कधीं दुरुस्त करावा लागतो.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, समुद्रांत, ‘मुंबई हाय’ हें तेलक्षेत्र आहे. तें १९७४ सालीं सांपडलें. १९७६ पासून तेथें तेल निघूं लागलें. २६ जुलै २००५ चा महापूर आपल्याकडे कोण विसरेल? दुसऱ्याच दिवशीं तेथें एक जहाज तेल काढण्याच्या मंचाच्या वायुनळीवर आदळलें. आग भडकली, दोनेक तासांत मंच नष्ट झाला, आणि २२ माणसें प्राणांस मुकलीं. सरासरीवर चालणारा आंकडा त्या सायंकाळीं क्षणभरहि थबकला नसता!

म्हणून असा आंकडा टाकाऊ ठरत नाहीं. जगाची तहान केवढी आहे, हें तो चांगलें दाखवितो. मात्र तो पाहतांना तीन प्रश्न विचारावे. मूळ अहवाल कोणत्या काळाचा? त्यांत केवळ खनिज तेल धरलें आहे, कीं वायूंतून मिळणारीं द्रवेंहि? आणि माप पिंपांचें कीं टनांचें? एका टनांत सुमारें सव्वासात पिंपें भरतात. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. तेव्हां हा हिशेब समजून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.